उझैरच्या छातीचा फोटो

वली सोलकरच्या गोष्टींचा हंगाम उन्हाळ्यात असायचा. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात फायबरच्या बोटी बनवणारा तो कारखाना, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भर दुपारी उघड्यावर काम करायला सरकारची मनाई. साडेबारा ते तीन सगळं बंद. कॉम्प्रेसरची घरघर थांबली की वीसपंचवीस माणसं डबे घेऊन एखाद्या उपड्या, अर्ध्या बनलेल्या बोटीच्या सावलीत सरकायची. जेवणं व्हायची, आणि मग कोणीतरी म्हणायचंच, "यल्ला वलीभाई, मुडदा काढा."

यल्ला म्हणजे चला; मुडदा काढा म्हणजे गोष्ट सांगा. कारण वलीच्या गोष्टीत कोणीतरी मेलेलं असायचं, आणि जे मेलेलं असायचं ते कधी धड मेलेलं नसायचं. ऐकणाऱ्यांत मल्याळी, बंगाली, पेशावरकडचे पठाण, त्यामुळे वली गोष्ट हिंदीत सांगायचा. भुतं मात्र मराठीत बोलायची. भूत बोललं की काय बोललं ते कोणाला कळायचं नाही, आणि त्यामुळेच अंगावर काटा यायचा. मधेच वलीला खोकला यायचा. भुताचा पाय उंबऱ्याच्या आत पडता पडता तो थांबायचा, छातीवर मूठ ठेवून खाली बघत राहायचा, आणि लोक श्वास रोखून वाट बघायचे. त्यांना वाटायचं, हा थांबाही गोष्टीतलाच.

सुपरवायझर वासुदेव नाईक सावंतवाडीचा. त्याच्या बायकोच्या, सुमेधाच्या, भाकऱ्यांवर वलीचा अर्धा हक्क होता, एवढी त्यांची दोस्ती. तो एकदा म्हणाला होता, "वलीभाई, हा खोकला तुला नाटकवाल्याने शिकवला की डॉक्टरने?" वली हसला होता.

खोकला त्याला चौदाव्या वर्षी मिळाला. वडील जयगडच्या दीपगृहावर कामाला होते. काचा पुसायच्या, दिव्याची निगा राखायची. त्यांचे वडीलही तेच करत आले. एका सकाळी वलीच्या थुंकीत रक्त दिसलं, रत्नागिरीच्या दवाखान्यात क्षयाचं कार्ड निघालं, आणि वर्षभर पोरगा खाटेवर. बरा झाला, पण उजव्या छातीच्या वरच्या अंगाला एक डाग राहिला. डॉक्टर म्हणाले, हा काही करणार नाही, फक्त जाणार नाही.

त्या वर्षभरात त्याला एक पुस्तक सापडलं. दीपगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत कोणी साहेब विसरून गेलेलं, मराठीत भाषांतर केलेलं, वाळवीने कव्हरासकट पुढची पानं खाल्लेलं. लेखकाचं नाव वाळवीच्या पोटात गेलं. प्रस्तावनेचं एकच पान शिल्लक होतं. त्यावरून एवढं कळत होतं, की हा माणूस स्कॉटलंडचा. याचे वाडवडील समुद्रात दीपगृहं बांधणारे. हा मात्र लहानपणापासून छातीने अधू. मानवेल अशी हवा शोधत देशोदेशी भटकला आणि शेवटी पार पॅसिफिकमधल्या एका बेटावर जाऊन राहिला. तिथली माणसं त्याला गोष्टी सांगणारा म्हणूनच ओळखायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिथेच गेला, तिथेच डोंगरावर पुरला. आणि आत गोष्टी होत्या: मेलेल्यांना स्वस्थ पडू न देणाऱ्या माणसांच्या, एका अंगात दोघं राहणाऱ्यांच्या.

खाटेवरच्या पोराने ते पान वाचलं आणि ठरवून टाकलं, की हे आपल्याबद्दलच लिहिलंय. दीपगृह तेच, छाती तीच. फक्त बेट बाकी होतं.

पुढे त्याची मुलगी फिझा फोन हातात धरून म्हणाली होती, "अब्बा, आय कॅन फाइंड हिज नेम इन टू सेकंड्स." वलीने फोन पालथा ठेवायला लावला. नाव कळलं की तो सगळ्यांचा होतो, म्हणाला. आता तो माझ्या एकट्याचा आहे. चव्वेचाळिसावा वाढदिवस उलटला त्या दिवशी त्याने बायकोला, बदरुन्निसाला, सांदणं करायला सांगितली. कशाची खुशी, ते तिला सांगितलं नाही.

खरं तर बदरुन्निसाला त्याने बरंच काही सांगितलं नव्हतं.

१९९८ मध्ये त्याचा व्हिसा निघाला. मुंबईत मेडिकल होतं. त्यात छातीचा फोटो. छातीत डाग दिसला की गेला व्हिसा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सोबत धाकटा भाऊ उझैर आला होता, एका वर्षाने लहान. तेच नाक, तीच दाढी, तोच डावीकडे झुकलेला भांग. सेंटरच्या जिन्यावर दोनएकशे माणसं. वलीच्या हातातला फॉर्म गळायला लागला होता. उझैरने तो काढून घेतला आणि म्हणाला, "तू खाली जा. चहा पी. मी येतो."

वली खाली गेला आणि त्याने चहा प्यायला. आल्याचा होता, साखर जास्त होती. वर उझैर सदरा काढून वली सोलकरच्या नावाने यंत्रासमोर उभा राहिला.

फिल्म खाकी पाकिटात घालून हातात दिली गेली. कोपऱ्यात नाव वलीचं, वयही वलीचं. आत फासळ्या उझैरच्या. इथे उतरल्यावर रक्त तपासलं, मुंबईचे कागद बघितले, शिक्का मारला. त्या वेळी निभावलं. नंतरच्या प्रत्येक नूतनीकरणात त्याच्यापुरतं रक्तावरच भागलं. सहा महिन्यांनी उझैरचं पत्र आलं, की आपणही येतो म्हणून. मग आलं, की इतक्यात नाही. मग आलं, की समुद्र सोडवत नाही, इथेच ट्रॉलरवर बरा आहे. आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये, मासेमारी सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, तो ट्रॉलर जयगडच्या तोंडाशी उलटला. तिघे सापडले. उझैर सापडला नाही. मागे बायको आणि सात वर्षांचा तहसीन.

म्हणजे उझैरला कबर नाही. जगात त्याच्या अंगाचं म्हणून काही उरलं असलं, तर ते उम्म अल कुवैनमधल्या एका फ्लॅटमध्ये, कपाटावर, खाकी पाकिटात. बदरुन्निसा बाजाराला गेली की कधीमधी वली ती फिल्म खिडकीच्या काचेला लावून बघायचा. मागून ऊन यायचं. फासळ्या उजळायच्या. डावीकडे, हृदयाच्या जागी, एक शांत पांढुरकी सावली.

त्यानंतरच त्याची ती गोष्ट सुरू झाली, कारखान्यात सगळ्यांत जास्त मागणी असलेली. केरू नावाचा खलाशी. त्याच्या छातीत वाळू भरलेली. जाळं दगडात अडकतं, बुडी मारायला दम नाही, तेव्हा तो होडीतल्या सोबत्याला म्हणतो, एक श्वास उसना दे, वर आलो की परत देतो. सोबती देतो. केरू बुडी मारतो, जाळं सोडवतो, वर येतो. आणि बघतो तर सोबती बसलाय, बोलतोय, हसतोय, पण त्याच्या तोंडासमोर कंदील धरला तर ज्योत हलत नाही. केरू घाबरतो आणि श्वास परत न देताच पळून जातो. दूर, दुसऱ्या बंदराला. तिथे त्याचं सगळं चांगलं होतं. फक्त दर श्वासाला त्याला आतून कोणीतरी लाटा मोजताना ऐकू येतं.

इथवर गोष्ट नेहमी तीच असायची. शेवट मात्र दरवेळी वेगळा. कधी केरू परत जातो आणि सोबती सापडत नाही. कधी सोबतीच त्याच्या दारात येऊन नुसता उभा राहतो. वासुदेव चिडवायचा, "अरे, गेल्या आठवड्यात तर तो कराचीला गेला होता. एकदा काय ते नक्की कर." वली म्हणायचा, इन्शाल्ला, सापडेल शेवट.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये वासुदेव चहाचे दोन कागदी कप घेऊन स्टोअरमध्ये आला. वली तेव्हा स्टोअर सांभाळत होता; फायबरची धूळ सोसत नाही म्हणून वासुदेवनेच त्याला आत घेतलं होतं. कप ठेवता ठेवता वासुदेव सहज म्हणाला, की आता नूतनीकरणालाही छातीचा फोटो काढतात म्हणे, आणि सप्टेंबरमध्ये ज्यांचे व्हिसा संपतात त्या सगळ्यांना मंदूब मंगळवारी घेऊन जाणार आहे. मंदूब म्हणजे कंपनीचे सरकारी कागद फिरवणारा माणूस.

वलीच्या हातातला चहा आल्याचा नव्हता. तरी त्याला तीच चव आली.

दुपारच्या सावलीत त्या दिवशी गोष्ट झाली नाही. नियमाचाच मुडदा निघाला. कोणी म्हणालं, डाग दिसला की तिथूनच एअरपोर्ट. कोणी म्हणालं, आधी खोलीत कोंडतात. कोणाच्या मेहुण्याला सामानही घेऊ दिलं नव्हतं. यातलं खरं किती, कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच प्रत्येक जण छातीठोक सांगत होता. वली ऐकत होता आणि मनाशी एकच करत होता: डिसेंबरपर्यंतचे आठवडे मोजणं. फिझा अल ऐनला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला होती. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. तो गेला की ती गेली, पदवीच्या दारातून. तिसऱ्या वर्षी इथे आलेली पोर. गाव तिला सुट्टीपुरतं ठाऊक.

मंगळवारी तो यंत्रासमोर उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मोठेपणी पहिल्यांदाच, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या छातीने. गार पत्रा अंगाला लागला. काचेमागून आवाज आला, "साँस लो. रोको." वलीने श्वास घेतला आणि रोखला, आणि सुटायच्या आत त्याला वाटलं, लाटा ऐकू येतायत.

गुरुवारी परत बोलावणं आलं.

डॉक्टरीणबाई हैदराबादच्या होत्या. आवाज मऊ, डोळे थकलेले. त्यांनी पडद्यावर उजव्या छातीच्या वरच्या अंगाचा डाग दाखवला आणि विचारलं, आधी कधी टीबी झाला होता का. प्रश्न सरळ होता. पण वलीने एकोणीस वर्षं एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा, काम करता करता, कोणी विचारलंच तर काय सांगायचं ते घोटून ठेवलेलं. आणि पाठ केलेल्या वाक्याचं असं असतं, की ते प्रश्न पुरा व्हायची वाट बघत नाही.

"कभी नहीं, डॉक्टरसाब," तो म्हणाला. "मेरे पास पहली फिल्म है. आते वक्त की. एकदम काच."

बाईंचा चेहरा उजळला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश समजावलं, की कितीतरी लोकांच्या छातीत लहानपणच्या जुन्या खुणा असतात. खूण जुनी आहे, भरलेली आहे, असं दिसलं तर थोड्या तपासण्या करून डॉक्टरला पुढे मंजुरीसाठी लिहिता येतं. "लेकिन आप कह रहे हैं कि आते वक्त साफ था. तो फिर ये यहाँ आने के बाद का है. नया है." सोमवारी ती फिल्म घेऊन या, म्हणाल्या; त्या दिवशी बाजूने दुसरा फोटोही काढू. तोवर व्हिसाचा कागद थांबेल.

पार्किंगपर्यंत येईस्तोवर वलीच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते. त्या डागाने त्याला वाचवलं असतं. ज्या डागाच्या भीतीने भाऊ उभा केला, एकोणीस वर्षं मान खाली घालून काढली, तो डाग जुना आहे म्हणाला असता तर बाईंनी पुढे लिहिलं असतं. मारणार होती ती स्वच्छ छाती. आणि ती घेऊन येतो म्हणून तो स्वतःच्या तोंडाने सांगून आला होता.

न्यायला आलेल्या वासुदेवला त्याने गाडीतच सगळं सांगितलं. वासुदेवने गाडी बाजूला घेतली, एसी वाढवला आणि बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, सोपं आहे. फिल्म हरवली म्हण. घर बदलताना गेली. वाळवीने खाल्ली. "आणि आठवलं म्हण, लहानपणी झालं होतं काहीतरी. खलास."

"आणि मग विचारलं, की डाग होता तर तेव्हा पास कसा झालास?"

"मशीन जुनं होतं म्हण. मेलेल्या मशीनला कोण विचारायला जातंय."

घरी आला तेव्हा कपाट उघडं होतं, आणि बदरुन्निसा खिडकीशी उभी. मंदूबने फोन करून सांगितलं होतं, जुने मेडिकलचे कागद काढून ठेवा म्हणून. ती फिल्म उन्हात धरून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की वलीला दारातच बसावंसं वाटलं.

"फिझाच्या अब्बा, हे बघा. एक ठिपका नाही. उगाच घाबरलात. हीच दाखवा ना त्यांना."

"ती माझी नाही, बदरू."

"नाव तुमचंच आहे."

"नाव माझं आहे."

मग त्याने सांगितलं. जिना, फॉर्म, चहा. गोष्टीवेल्हाळ माणूस, पण या वेळी चार वाक्यांत संपलं. बदरुन्निसाने फिल्म पलंगावर ठेवली, नीट, कडा न दुमडता, जसं निजलेल्या पोराला ठेवतात. बोलली तेव्हा आवाज चढवला नाही.

"एकोणीस वर्षं मी या कपाटावरची धूळ काढते. दीर होता तो माझा. आणि मी त्याच्यावरून फडकं फिरवत होते."

पुढे काय करायचं, यावर ती एवढंच म्हणाली, की डॉक्टरला खरं सांगा की खोटं, ते तुमचं तुम्ही आणि अल्लाने बघायचं. पण ही फिल्म आपली नाही. ती तहसीनची आहे. आधी त्याला विचारा.

शनिवारी सकाळी वली दुबई मरीनाला गेला. तहसीन तिथे पर्यटकांच्या बोटी सुटतात त्या धक्क्यावर नोकरीला होता. तेवीस वर्षांचा, पांढरा शर्ट, खांद्यावर कंपनीची पट्टी. वलीनेच तीन वर्षांपूर्वी त्याला आणवलं होतं, आणि त्याबद्दल आपली पाठही थोपटून घेतली होती. टॉवरच्या काचांत टॉवर दिसत होते. तहसीन दोन कडक चहा घेऊन आला आणि दोघं पाण्याकडे तोंड करून बसले.

पोराने मान वळवली. तेच नाक. तीच दाढी. बदरुन्निसाने त्याला फिल्मबद्दल विचारायला पाठवलं होतं. पण वाटेत, अजमान ओलांडता ओलांडता, त्याच्या मनात दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. सोमवारी दुसरा फोटो काढायचा होता. आणि ही छाती त्याच छातीची होती.

सरळ विचारायची हिंमत नव्हती. म्हणून त्याने जे येत होतं ते केलं. गोष्ट सुरू केली. केरू, छातीतली वाळू, अडकलेलं जाळं. तहसीन शांतपणे ऐकत होता. ज्योत हलत नाही, इथवर आल्यावर वलीला खोकला आला. तो थांबला.

तहसीनने त्याचा खोकला सरेपर्यंत वाट बघितली. "मोठे अब्बा, ही गोष्ट मला येते," तो म्हणाला. "अम्मीने सांगितलीय. तिला अब्बांनी. पण त्यांच्या गोष्टीत केरू नव्हता. दोघांची नावं होती."

वलीने चहाचा कप खाली ठेवला.

"नूतनीकरणाच्या फोटोला तुम्ही मला उभं राहायला सांगायला आलात ना."

वलीने नाही म्हटलं नाही.

"आता मशीन आधी बोट मागतं, मोठे अब्बा. अंगठा लावल्याशिवाय दार उघडत नाही. आणि नसतं मागितलं, तरी..." त्याने वाक्य सोडून दिलं, आणि मग पुन्हा उचललं, जसं एखादं ओझं नको असून उचलावं लागतं. "अब्बा का आले नाहीत इथे, तुम्हाला काय वाटतं?"

"समुद्र सुटेना त्याला. पत्रात लिहिलं होतं त्याने."

"दोनदा मुंबईला गेले ते. व्हिसा निघाला होता. त्याच सेंटरवर. पहिल्यांदा काउंटरवरच्या माणसाने ओळखलं. म्हणाला, तू तर गेलास ना, सोलकर, तुझा फोटो मीच काढला. दुसऱ्यांदा फॉर्मच घेतला नाही, पोलिसात देतो म्हणाला. मग ट्रॉलरवर गेले." तहसीन बोलत होता तो सूर भांडणाचा नव्हता. धक्क्यावर कोणाला बोटीची वेळ सांगावी तसा होता. "त्यांची छाती एकदाच चालली. ती तुमच्या नावावर गेली. तुम्हाला कळवायचं नाही, असं त्यांनी अम्मीकडून वचन घेतलं होतं. माझ्याकडून कोणी घेतलेलं नाही."

वलीने खाकी पाकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि डॉक्टरीणबाईंचं सोमवारचं बोलावणं, वासुदेवने सुचवलेलं उत्तर, सगळं सांगितलं. तहसीनने फिल्म बाहेर ओढली आणि समोरच्या पाण्यावर, उन्हात धरली. धक्क्यावरून जाणाऱ्या एका बाईने वळून बघितलं. पोराने अंगठ्याने एकेक फासळी मोजल्यासारखी केली. बापाच्या ओठांवरचं हसू, चालण्याची ढब, काही काही त्याला आठवत नव्हतं. सात वर्षांचं पोर काय आठवणार. पण हे आतलं तो बघत होता, जे अम्मीनेही कधी बघितलं नव्हतं.

"किती स्वच्छ आहे," तो म्हणाला.

मग त्याने फिल्म परत पाकिटात घातली आणि वलीला दिली. "सोमवारी घेऊन जा. पण परत आणून द्या. त्यांनी ठेवून घेतली तर मी येईन मागायला. आणि त्यांचं नाव सांगा. मशीन जुनं होतं म्हणू नका."

रविवारी फिझाला फोनवर सांगावं लागलं. वली म्हणाला, तुझ्यासाठी मी काहीही बोलायला तयार आहे, शपथेवर खोटं बोलेन. मग ती म्हणाली, "डोन्ट पुट धिस ऑन मी, अब्बा. प्लीज." आणि थोड्या वेळाने, मराठीत, अडखळत, "मी कोणाच्या छातीवर उभी राहून डिग्री घेऊ?" युनिव्हर्सिटी विद्यार्थ्यांचा व्हिसा करते म्हणे, ती ऑफिसात विचारेल. होईलच असं नाही. फोन ठेवताना ती रडत होती.

सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्याने दोन गोष्टी ठेवल्या: खाकी पाकीट, आणि दीपगृहाच्या पुस्तकात तेहतीस वर्षं खूण म्हणून राहिलेलं रत्नागिरीच्या दवाखान्याचं कार्ड. बाईंनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. शेजारच्या पडद्यावर वलीची छाती. दोन छात्या शेजारी शेजारी, जसे दोघं लहानपणी एका चटईवर निजायचे.

"ये आप नहीं हैं," बाई म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

"भाई है मेरा. उझैर सोलकर."

त्याने सगळं सांगितलं. शेवटी बाईंनी चष्मा काढला, डोळ्यांच्या कोपऱ्यात बोटं दाबली, आणि म्हणाल्या की डाग जुनाच आहे, ते मी लिहीन. पण बाकीचं मी ऐकलं नाही असं करू शकत नाही. तेही लिहावं लागेल. मग फिल्म काढता काढता त्यांचा हात क्षणभर थांबला. "तंदुरुस्त थे आपके भाई."

"जी," वली म्हणाला. "थे."

फिल्मची नोंद झाली, नक्कल निघाली, आणि मूळ फिल्म त्याला परत मिळाली. व्हिसा मिळाला नाही. मंदूबने आठ दिवसांनी सांगितलं, नूतनीकरण नाही, महिन्याच्या आत निघायचं; पुन्हा येता येईल असं समजू नका. वासुदेव त्याच्यावर चिडला, इतका की दोन दिवस बोलला नाही. फिझाच्या अर्जावर उत्तर आलं नव्हतं. बदरुन्निसा सामान बांधत होती, दोन ढीग करून: एक जायचा, एक राहिला तर फिझासाठी. दुसऱ्या ढिगाकडे ती बघायचं टाळत होती.

वलीने एक काम केलं. फिल्मच्या कोपऱ्यातलं आपलं नाव त्याने सुईच्या टोकाने खरवडून काढलं आणि त्याखाली उझैरचं कोरलं. अक्षरं वाकडी आली. मग मरीनाला जाऊन फिल्म पोराच्या हातात दिली. तहसीनने नाव वाचलं, मान हलवली, आत नेऊन ठेवली.

मनाईचे शेवटचे दिवस होते. सप्टेंबर अर्धा सरत आलेला, ऊन मात्र तेच. उपड्या बोटीच्या सावलीत डबे उघडले, बंद झाले. आज वलीभाईचा शेवटचा दिवस, हे सगळ्यांना माहीत होतं, का ते वासुदेवशिवाय कोणालाच नाही. मग पेशावरचा म्हातारा पठाण सुतारच हळूच म्हणाला, "यल्ला वलीभाई. आखरी मुडदा."

वलीने केरूचीच गोष्ट सांगितली. पण या वेळी त्यात केरू नव्हता. होडी नव्हती, कंदील नव्हता. मुंबईतला एक जिना होता, दोनशे माणसं होती, आल्याचा चहा होता. दोघा भावांची नावं होती. भुताने मराठीत म्हटलं, तू खाली जा, चहा पी, मी येतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा वलीने भुताच्या बोलण्याचा हिंदीत अर्थ सांगितला.

मल्याळी पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कोणी हसलं नाही. पठाणाने विचारलं, "और आखिर में? वो साँस वापस दी?"

वलीने तोंड उघडलं आणि त्याला खोकला आला. छातीवर मूठ ठेवून तो खाली बघत राहिला. बराच वेळ गेला. सावली बोटभर सरकली. आणि या वेळी कोणालाच तो थांबा गोष्टीतला वाटला नाही. वासुदेव उठला, त्याच्या शेजारी येऊन बसला, आणि पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली.